ड्यूकने हाकललेलं द्राक्ष

३१ जुलै १३९५ रोजी फ्रान्समधल्या बरगंडीच्या ड्यूकने एक फर्मान काढलं. ड्यूकचं नाव फिलिप, इतिहासात 'धाडसी फिलिप' म्हणून प्रसिद्ध. फर्मान कुणा बंडखोर सरदाराविरुद्ध नव्हतं, शेजारच्या राजाविरुद्धही नव्हतं. ते होतं गामे नावाच्या द्राक्षाविरुद्ध. ही वेल अतिशय वाईट आणि बेइमान आहे, असं त्यात चक्क लिहिलंय. तिच्यापासून वाइन भरमसाट होते, पण ती कडवट आणि माणसाच्या प्रकृतीला घातक असते, म्हणून जिथे जिथे ही वेल असेल तिथून ती उपटून टाका. वर बागांना शेणखत घालायलाही मनाई, कारण खताने माल वाढतो आणि चव बिघडते.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराच्या घरातली. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर पहिला प्रश्न यायचा, 'यंदा एकरी किती निघाला?' त्यामुळे भरपूर माल येणं हा एखाद्या झाडाचा गुन्हा ठरू शकतो, हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग थोडा रागही. ड्यूकचं सगळं लिहून ठेवलेलं आहे. ज्यांनी गामे लावली त्या शेतकऱ्यांचं म्हणणं काय होतं, ते मात्र कुणी लिहिलेलं नाही. पण द्राक्षाची बाग ज्याने जवळून पाहिली आहे त्याला ते ओळखता येतं.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात प्लेग येऊन गेला होता. गावंच्या गावं ओस पडली, मजूर मिळेना. बरगंडीचं मानाचं द्राक्ष म्हणजे पिनो न्वार, आणि ते नखरेल. माल कमी, साल पातळ, पावसात सडायला तयार. गामे पिनोच्या साधारण दोन आठवडे आधी पिकते. म्हणजे शरद ऋतूतला पाऊस यायच्या आत माल घरात. आणखी एक गोष्ट तिच्याकडे आहे, जी बागाईतदारालाच कळेल. वसंतात कडाक्याची थंडी पडून पहिले डोळे, म्हणजे कोवळे अंकुर, जळाले, तरी गामेच्या दुय्यम डोळ्यांवर घड येतात. बाकीच्या बऱ्याच वाणांत त्या वर्षाचा विषय तिथेच संपतो. आता माणसं कमी, थंडीचा भरवसा नाही आणि घरात खाणारी तोंडं आहेत, अशा वेळी शेतकरी कोणती वेल लावेल? फर्मान वाचून विचारण्यासारखा प्रश्नच नाही.

ड्यूक मूर्ख नव्हता, हेही म्हणायला हवं. बरगंडीतल्या बोन शहराची वाइन हे त्याचं राजकीय भांडवल होतं. त्याची बायको फ्लँडर्सची वारसदार, तिकडची व्यापारी शहरं मोठी गिऱ्हाइकं. पाहुण्याच्या पेल्यात पातळ माल गेला की बोलबाला संपला. त्याच्या जागी बसून पाहिलं तर तो बरोबरच होता, आणि त्याच्या जागी बसणारे लोक पुढे सहाशे वर्षं कमी पडले नाहीत. फर्मान पुढच्या ड्यूकांना पुन्हा काढावं लागलं, यावरूनच कळतं की शेतकरी ऐकत नव्हते. पण हळूहळू बरगंडीच्या उत्तम उतारांवरून गामे गेली आणि दक्षिणेकडे, मासों आणि ल्योंच्या मधल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर तिने बस्तान बसवलं. त्या टेकड्यांचा प्रदेश म्हणजे बोजोले. मी राहते त्या ल्यों शहरातून गाडी काढली की तासाभरात तिथे पोचता येतं.

या गोष्टीला १९९९ साली एक मजेदार शेपूट जोडलं गेलं. अमेरिकेतल्या डेव्हिस आणि फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं की गामेचा एक पालक आहे साक्षात पिनो न्वारच्या घराण्यातला पिनो. दुसरा गुए ब्लाँ, एक गावठी पांढरं द्राक्ष, ज्याला कुणी कधी विचारलं नाही आणि ज्याच्यावरही ठिकठिकाणी बंदी आली होती. याच जोडप्याचं आणखी एक अपत्य म्हणजे शार्दोने, ते नावाजलेलं पांढरं द्राक्ष. म्हणजे एकाच आईबापाच्या दोन लेकरांपैकी एकाला बरगंडीत पाटावर बसवलं आणि दुसऱ्याला गावाबाहेर काढलं.

गेल्या सप्टेंबरात निफाडहून घरचे आण्णा इथे आले होते. आण्णा माळकरी, वाइनला हात लावणार नाहीत हे ठरलेलं. पण द्राक्षाची बाग बघितल्याशिवाय ते परत जाणार नाहीत हेही ठरलेलं. मोर्गों गावच्या एका म्हाताऱ्या बागाईतदाराशी माझी ओळख आहे, त्याच्याकडे त्यांना घेऊन गेले. बागेत शिरल्या शिरल्या आण्णा थबकले. 'अगं, मांडव कुठंय?'

मांडव नव्हता, तारा नव्हत्या, वाय आकाराचे अँगल नव्हते. बोजोलेतली जुनी गामे एकेकट्या खुजा झुडपासारखी वाढवतात. गुडघ्याएवढं जाड, गाठाळ खोड, त्यातून वर आलेले तीन ते पाच हात, प्रत्येक हातावर दोन डोळे राखून केलेली छाटणी. फ्रेंचमध्ये या आकाराला गोब्ले, म्हणजे पेला म्हणतात. आण्णा खाली बसले, खोडाला हात लावला, काडी वाकवून पाहिली, पान उलटं करून डावणी, म्हणजे पानावरची बुरशी, शोधली. मग घड हातात घेतला. लहानसा, घट्ट बांधलेला, मणी करड्या-जांभळ्या रंगाचे, त्यावर पांढुरकी लव. 'थिनिंग करत नाहीत वाटतं,' म्हणाले, म्हणजे घडातले मणी विरळ करणं. मी विचारलं. म्हातारा म्हणाला, त्याची गरज नाही, आम्हाला मणी मोठा नकोच आहे. मोठ्या मण्यात पाणी, रंग आणि वास सालीत. आण्णांनी एक मणी तोंडात टाकला, चावला, बिया तळहातावर काढल्या. गर पाण्यासारखा पांढरा होता. या वाणाचं पूर्ण नावच 'पांढऱ्या रसाची काळी गामे' असं आहे.

त्यानंतर दोघांचं जे सुरू झालं त्यात माझं काम फक्त इकडचं तिकडे पोचवण्याचं. आण्णांनी विचारलं, कलम कशावर करता? अमेरिकन खुंटावर, म्हणाला म्हातारा. आण्णांनी मान डोलावली, आमचंही डॉगरिज खुंटावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळं खाऊन सगळा देश उजाड केला होता. अमेरिकन वेलींच्या मुळांना ती कीड फारसं काही करू शकत नव्हती, म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाण बांधायची पद्धत आली. तिचा जोरदार प्रचार करणाऱ्यांपैकी एक व्हिक्तोर प्युलिया, तो इथलाच, शिरुब्ल गावचा. गावच्या चौकात त्याचं स्मारक आहे. आमच्याकडे डॉगरिज आला तो खारवट पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून, पण खुंटावर कलम बांधायचं शहाणपण त्याच घराण्यातलं. मग विषय फवारणीवर गेला. 'बोर्डो मारता का?' आण्णांनी विचारलं, आणि हे वाक्य मला भाषांतर करावंच लागलं नाही. मोरचूद आणि चुन्याचं ते निळं मिश्रण १८८०च्या दशकात बोर्दोच्या मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने डावणीसाठी शोधलं. ते पाठीवर घेऊन फवारायचे पंप बनवण्याचा मोठा कारखाना व्हिक्तोर व्हेर्मोरेलने याच बोजोलेच्या व्हिलफ्रांश गावात चालवला. म्हातारा आम्हाला पडवीत घेऊन गेला आणि तांब्याचा जुना पंप दाखवला. आण्णांनी त्याची दांडी दोनदा हापसून पाहिली.

हिशेब शेवटी निघालाच. मोर्गोंसारख्या मानाच्या गावांना हेक्टरी साधारण ५५ हेक्टोलिटरच्या वर माल काढायला परवानगी नाही. द्राक्षांत मोजलं तर एकरी तीन टन. आण्णांनी मला पुन्हा विचारलं, नीट ऐकलंस ना? आमच्याकडे निर्यातीच्या बागेत एकरी आठ-दहा टन काढतात. झाडं मात्र इथे एकरी चार हजारांच्या घरात, आमच्याकडे हजाराच्या आतबाहेर. ज्या वेलीला फार देते म्हणून हाकललं, तिला सहाशे वर्षांनी कायद्याने आणि छाटणीने इतकं आवरून धरलंय. आण्णा गाडीत बसल्यावर म्हणाले, 'तीन टनांत भागतं कसं याचं?' खरं सांगायचं तर कित्येकांचं भागत नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून बोजोलेतल्या द्राक्षबागांचं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त क्षेत्र उपटलं गेलं आहे.

आता वाइन कशी होते ते सांगते, कारण ताटाशी तिचं जमतं त्याचं कारण तिथेच आहे. रेड वाइन सहसा अशी करतात: देठ काढायचे, मणी फोडायचे आणि साल-रस-बिया एकत्र आंबू द्यायच्या. बोजोलेत तसं नाही. हाताने तोडलेले अख्खे घड, देठासकट, न फोडता टाकीत भरतात. टाकीच्या तळचे मणी वरच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीभर साचतो. वरच्या अख्ख्या मण्यांना हवाच मिळत नाही. मग मण्याच्या आत, साल न फुटता, त्याच्या स्वतःच्या विकरांनी आंबणं सुरू होतं. मण्यात दोनेक टक्के अल्कोहोल तयार होईपर्यंत हे चालतं. तेवढ्या वेळात सालीतला रंग आत गरात उतरतो, आंबट मॅलिक आम्ल बरंच कमी होतं आणि स्ट्रॉबेरी, चेरी, दालचिनी अशा वासांची संयुगं तयार होतात. पण बिया आणि सालीतला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, फारसा उतरत नाही. रंग आहे, वास आहे आणि कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तसं काही होत नाही.

त्या टाकीतला एक मणी मी खाल्लेला आहे. वर झाकण उघडल्यावर लगेच वाकायचं नाही, साचलेला वायू जीव घेतो, हे आधी तीनदा बजावून सांगितलं होतं. म्हाताऱ्याने लांब दांड्याच्या चाळणीने घड वर काढून दिला. मणी बाहेरून जसाच्या तसा. दातांखाली फुटला आणि आतून फसफसला. गर आता गुलाबी होता, कोमट, गोड, किंचित दारूचा. काही दिवसांनी या घडांना दाबयंत्रात घालतात तेव्हा जो अर्धवट आंबलेला गोड रस निघतो त्याला इथे 'पारादी' म्हणतात. स्वर्गच. तोडणीची पोरं काम संपवून पेला घेऊन त्या नळाखाली रांग लावतात. पहिल्या घोटाला सरबत वाटतं, उठताना पाय सांगतात काय प्यालो ते.

याच पद्धतीचं सगळ्यांत झटपट रूप म्हणजे बोजोले नुव्हो. सप्टेंबरात तोडलेल्या द्राक्षांची वाइन नोव्हेंबरात पेल्यात. १९५१ साली तिला इतरांच्या आधी बाजारात यायची मुभा मिळाली आणि १९८५पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार कायम झाला. बोजो नावाच्या गावी, ज्यावरून प्रदेशाचं नाव पडलं, बुधवारी रात्री काड्यांच्या मशाली पेटवून पिंपं ढकलत चौकात आणतात आणि बाराच्या ठोक्याला फोडतात. जॉर्ज द्युबफ नावाच्या हिकमती व्यापाऱ्याने हा गुरुवार टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत पोचवला. वाइनच्या जाणकारांत नुव्होला नाक मुरडणं हा शिष्टाचार आहे. केळ्याचा वास येतो म्हणतात. येतोच, आयसोअमायल ॲसिटेट नावाच्या संयुगामुळे, आणि काही यीस्ट ते मुद्दाम जास्त करतात. मला ती वाइन फारशी आवडत नाही, पण तिचा राग येत नाही. तोडणीनंतर दोन-अडीच महिन्यांत पैसा हातात देणारं दुसरं कोणतं पीक द्राक्षवाल्याकडे आहे? नुकसान झालं ते वेगळ्या मार्गाने. सगळ्या प्रदेशाला लोक त्या एका गुरुवारच्या मापाने मोजायला लागले, आणि गिऱ्हाईक पांगलं तेव्हा २००१च्या हंगामातली लाखो लिटर वाइन न विकता भट्टीत घालून अल्कोहोल काढावं लागलं.

तेव्हा ज्यांनी मान वर ठेवली त्यांची मुळं एका शांत माणसात होती. झ्युल शोव्हे (१९०७–१९८९), शापेल-द-गँशे गावचा वाइनचा व्यापारी आणि रसायनाचा अभ्यासक. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट बघत त्याने आयुष्य काढलं. त्याचं म्हणणं असं की द्राक्ष निरोगी असेल, बागेत विषारी फवारण्या नसतील, तर सालीवरची यीस्टच वाइन नीट करतात. वरून साखर नको, पाकिटातलं यीस्ट नको, गंधक जवळपास नको. मोर्गोंच्या मार्सेल लापिएर आणि त्याच्या तीन मित्रांनी १९८०च्या दशकात ते मनावर घेतलं. आज जगभर 'नॅचरल वाइन' म्हणून जो प्रकार चालतो त्याचा एक मोठा झरा तिथला आहे. त्या नावाखाली आता पुष्कळ आंबूस, ढवळलेलं पाणीही विकलं जातं, आणि ते चांगलं म्हणायची सक्ती होते तेव्हा मी पेला बाजूला ठेवते. लापिएर घरची बाटली मात्र उघडली की आपण मुकाट्याने पितो.

आता जेवण.

ल्योंमधून तीन नद्या वाहतात असं इथे म्हणतात: ऱ्होन, सोन आणि बोजोले. तिसरीचं पाणी जिथे मिळतं त्या खाणावळींना बुशों म्हणतात. लहान जागा, खेटून मांडलेली टेबलं, लाल चौकड्यांचे रुमाल आणि जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची बाटली, जिला पो म्हणतात. बाटलीवर लेबल नाही. घरचं बोजोले पिंपातून त्यात भरून येतं. क्रुआ-रूस टेकडीवरचे रेशीम विणणारे कामगार पहाटेपासून मागावर बसत आणि सकाळी नऊच्या सुमाराला कामावरून उठून भरपेट खात. त्या खाण्याला माशों म्हणतात, आणि अजूनही काही ठिकाणी शनिवारी सकाळी ते मिळतं. सकाळी नऊ वाजता डुकराचे सॉसेज, उकडलेले बटाटे, मसूर आणि रेड वाइन, हे ऐकून आमच्या आईने फोनवर जो उसासा टाकला तो मी इथे लिहीत नाही.

या कामगारांचं जेवण स्वस्त होतं: आतडी, जठर, डुकराचं डोकं, सॉसेज, बटाटा. सगळं चरबीचं आणि मिठाचं. अशा ताटापुढे बोर्दोची जाडजूड वाइन ठेवली तर टॅनिन आणि मीठ एकमेकांवर चढतात, तोंड कोरडं पडतं आणि दोन घासांत माणूस थकतो. गामेमध्ये टॅनिन कमी आणि आंबटपणा ठसठशीत. घास चरबीने जिभेवर लेप देतो, घोट तो खरवडून काढतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. जोडी जमवायचं सगळं शास्त्र मला वाटतं एवढ्यावर आलं तरी चालेल. बाकी पुस्तकांत जे वास जुळवायचे खेळ असतात, चेरीला चेरी, मिऱ्याला मिरी, ते मी कधी मनावर घेतले नाहीत.

सगळ्यांत अवघड परीक्षा ल्योंच्या सॅलडची. कडसर पानं, परतलेल्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, व्हिनेगर-मोहरीची फोडणीवजा ओल आणि वर अर्धवट उकडलेलं, फोडल्यावर ओघळणारं अंडं. व्हिनेगर बहुतेक वाइनला मारून टाकतं आणि अंड्याचा बलक उरलेल्यांना. गारसर बोजोले या दोघांतूनही सुखरूप बाहेर येते. शब्द वजनाने घ्या, गारसर. फ्रीजमध्ये अर्धा तास, बारा ते चौदा अंश. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम ज्या खोल्यांत झाला त्या दगडी आणि थंड होत्या, निफाडच्या मेमधल्या नव्हत्या. उबदार गामे सपक आणि दारूसारखी लागते, गार झाली की तिच्यातली फळं उभी राहतात.

आतड्यांचं सॉसेज, आंदुयेत, तिथे मी हात टेकते. मोहरीच्या सॉसबरोबर ल्योंचे लोक ते डोळे मिटून खातात. वास माझ्या नाकाच्या पलीकडचा आहे. पण हिवाळ्यात बोजोलेत मिळणारं 'सोसिसों ओ झेन' मात्र चुकवत नाही. झेन म्हणजे वाइन दाबून काढल्यावर उरलेला चोथा, साली, बिया आणि देठ. त्यापासून गावोगाव तांब्याच्या भट्टीत ब्रँडी गाळतात. भट्टीत चोथ्याच्या थरांत कच्ची सॉसेज पुरून ठेवतात, वाफेवर ती शिजतात. मी पाहिलं ते एका पडवीत. भट्टीचं तोंड उघडलं, वाफेचा लोट छताला लागला, आणि एका बाईने कोपरापर्यंत हातमोजे घालून काळ्याजांभळ्या वाफाळत्या चोथ्यातून एकेक सॉसेज ओढून काढलं. साल जांभळट झालेली, बोटांएवढ्या जाड चकत्या, बाजूला त्याच वाफेवरचे बटाटे. चोथ्याचा किंचित तुरट वास आत मुरलेला. त्याच्याबरोबर त्याच बागेतली गामे, दुसरं काही आणायचा प्रश्नच येत नाही.

आण्णांना घेऊन बुशोंत गेले तेव्हा यादीत त्यांच्या कामाचं एकच होतं. सेर्व्हेल द कान्यु, म्हणजे पाणी निथळलेल्या मऊ ताज्या चीजमध्ये बारीक चिरलेला कांदा, लसूण, हिरव्या पाती, तेल, व्हिनेगर आणि मिरी. नावाचा अर्थ 'विणकराचा मेंदू' असा आहे, तो मी त्यांना सांगितला नाही. 'चक्का आहे हा,' त्यांनी निकाल दिला, 'लसणाचा.' पावाबरोबर दोन वाट्या संपवल्या. माझ्या पेल्यात ब्रुयी, म्हणजे बोजोलेतलीच एक वाइन, होती, आणि आंबट चीजला ती अगदी चपखल बसली. बाकीच्या रेड वाइन अशा ताज्या चीजपुढे धातूसारख्या लागतात.

घरी मी जे रांधते त्याच्याशीही हिचं कधी जमतं, कधी नाही. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की जिभेवर आग वाढते, जास्त अल्कोहोलने ती भडकते. त्यामुळे झणझणीत जेवणाबरोबर रेड वाइन प्यायचीच असेल तर कमी टॅनिनची, बारा-साडेबारा टक्क्यांची आणि गार केलेली. एवढ्या अटी पुऱ्या करणारी वाइन फ्रान्समध्ये शोधली तर बोटं पहिल्यांदा गामेवरच येतात. भरल्या वांग्यांशी तिचं फार सुंदर जुळतं. शेंगदाण्याच्या कुटाची स्निग्धता ती कापते आणि गोड्या मसाल्यातल्या दालचिनी-दगडफुलाला तिच्यातला मसालेदार वास ओळख देतो. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, हाही मेळ चांगला. चिंच-गुळाच्या आमटीपुढे मात्र ती पाणी होते. काळ्या मसाल्याच्या मटणाच्या रश्शापुढे तर तिची कीव येते. आणि मिसळीला ताक. यात वाद नको.

गामे एकच, पण गावागावाची चव वेगळी. बोजोलेच्या उत्तर भागातल्या दहा ठिकाणांना स्वतःच्या नावाने वाइन विकायचा मान आहे: सँतामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरुब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रुयी आणि कोत द ब्रुयी. बाटलीवर बहुधा गामे हा शब्दही नसतो, बोजोलेही बारीक अक्षरांत. फ्लरीच्या गुलाबी ग्रॅनाइटवरची नाजूक, फुलांच्या वासाची. मोर्गोंच्या पी टेकडीवरच्या भुसभुशीत झालेल्या खडकातली अधिक मांसल. मुलँ-आ-व्हाँच्या जमिनीत मँगनीज आहे, तिथली सगळ्यांत जाड आणि टिकाऊ. ही शेवटची आठ-दहा वर्षं तळघरात ठेवली तर फळं मागे जातात, ओल्या पानांचा, मातीचा वास येतो आणि भलेभले तिला बरगंडीची पिनो समजतात. तिच्याबरोबर जवळच्याच ब्रेस भागातली कोंबडी सायीत आणि रानातल्या अळंब्यांत शिजवलेली.

बरगंडीवाल्यांना हे फार आधी कळलं असणार. १९९६ साली बोनच्या लुई जादो या जुन्या पेढीने मुलँ-आ-व्हाँमधली शातो दे जाक ही मोठी बाग विकत घेतली, नंतर आणखीही काही बरगंडीकर दक्षिणेला उतरले. पिनोच्या जमिनीचे भाव सामान्य माणसाच्या स्वप्नातही येणार नाहीत इतके झाले, म्हणून आता हाकललेल्या भावंडाच्या दारात जायची वेळ आली. आपल्या दृष्टीने चांगली गोष्ट ही की मोर्गों किंवा फ्लरीची उत्तम बाटली अजूनही वीसेक युरोंत येते.

किती काळ, ते उन्हावर आहे. २००३ साली बोजोलेत तोडणी ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाली तेव्हा सगळे हादरले होते, आता ऑगस्टात कात्र्या निघाल्या तर कुणी मान वर करत नाही. लवकर पिकणं हा जिचा गुण होता, तिला तोच आता जाचतो. २०१८, २०२०, २०२२ अशा तापलेल्या वर्षांच्या बाटल्यांवर चौदा टक्के वाचायला मिळतात. गडद, जाड, पिकलेल्या फळांच्या. वाईट नाहीत, पण त्या सॅलडबरोबर चालत नाहीत, त्यांना मटण किंवा ब्रेसची कोंबडीच लागते. पूर्वी शिरुब्ल म्हणजे उंचावरचं, थंडीचं, कुडकुडत पिकणारं गाव म्हणून भाव कमी असायचा. आता उंचावरच्या त्याच बागांचे लोक पत्ते विचारतात. २०२१च्या एप्रिलात कडक थंडीने अर्ध्या फ्रान्सचे डोळे जाळले आणि पुढे उन्हाळाही पावसाळी गेला. माल थोडा आला, पण वाइन पुन्हा बारा टक्क्यांची, हलकी, चेरीच्या आंबटपणाची झाली. टीकाकारांनी त्या वर्षाला कमी गुण दिले, त्यामुळे दुकानात भाव उतरला होता. मी शिरुब्लची एक पेटी घेऊन ठेवली आहे, भरल्या वांग्यांसाठी.